खीर मागून घेतलीत, त्याबद्दल

मुकादम काकांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मुकादम का म्हणतोय ते आधी सांगतो. ऊसतोडीला किंवा बांधकामावर टोळीकडून काम करून घेणाऱ्याला आमच्या भागात मुकादम म्हणतात. शिकागोच्या लोयोला विद्यापीठाच्या अरेनात, म्हणजे बंदिस्त क्रीडागृहात, खुर्च्या मांडणाऱ्या आणि फरशी पुसणाऱ्या आमच्या टोळीचे तुम्ही मुकादम होता. 'काका' हे मी मनातल्या मनात जोडलेलं. तोंडावर तुम्हाला नावानेच हाक मारायचो, तुमच्याकडे पद्धतच तशी. पण वडिलांपेक्षा वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने बोलावताना दर वेळी जीभ अडखळायची, हे तुम्हाला कधी कळलं नसेल.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. असू दे. इंग्रजीत 'थँक यू' म्हणून झालंय, शंभर वेळा. तो शब्द मी बसच्या ड्रायव्हरलाही म्हणायचो आणि कॉफी देणाऱ्या पोरीलाही. तुमच्याबद्दल आमच्या माणसांना सांगायचं राहिलं होतं, म्हणून हे उघडं पत्र.

निमित्त सिस्टर जीन यांचं, लोयोलाच्या बास्केटबॉल संघाच्या लाडक्या ननचं. ९ ऑक्टोबर २०२५ ला त्या गेल्या, वयाच्या १०६ व्या वर्षी. माझ्या फोनवर दिवसभर तोच फोटो येत होता: व्हीलचेअर, मरून आणि सोनेरी पट्ट्यांचा मफलर, मिश्कील डोळे. ज्यांना बास्केटबॉलमध्ये बास्केट किती असतात हेही माहीत नाही अशा पुण्यातल्या सहकाऱ्यांनीसुद्धा 'ग्रेट लेडी' म्हणून पाठवला. मला त्या फोटोत, चौकटीच्या बाहेर, तुम्ही दिसत होता. हातात चाव्यांचा जुडगा, मरून जाकीट, आणि त्याच्या बाहीवर एक पांढुरका डाग. तो डाग माझ्यामुळे पडलेला. त्याच्याबद्दलच लिहायचंय.

मी मिरजेचा. मिरजेच्या माणसाला 'मिशन' हा शब्द नवा नाही. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली उभं केलेलं दवाखान्याचं काम आमच्याकडे अजून 'मिशन हॉस्पिटल' म्हणूनच ओळखलं जातं, आणि माझा जन्मही तिथलाच. तरीही शिकागोला आल्यावर लोयोलाच्या भिंतींवर 'मिशन'बद्दलची मोठमोठी वाक्यं वाचली तेव्हा मी मनात म्हटलं, जाहिरात आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं १८७० पासूनचं विद्यापीठ, ब्रीद 'देवाच्या अधिक गौरवासाठी', आणि खेळाडूंच्या बाबतीत त्यांचा आवडता लॅटिन शब्द 'क्युरा पर्सोनालिस', म्हणजे अख्ख्या माणसाची काळजी. नुसत्या त्याच्या गुडघ्याची किंवा नुसत्या मार्कांची नाही. ऐकायला छान. आमच्या आधीच्या कॉलेजच्या माहितीपत्रकातही 'सर्वांगीण विकास' होताच की, आणि जिमखान्याला कायम कुलूप.

माझे वडील शाळेत पी. टी. चे सर. खो-खोचे खांब स्वतःच्या हाताने रोवणारे. मला अरेनात काम मिळालं म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की मी तिथे मॉप फिरवतो हे त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मैदानावर आहेस ना, झालं तर," म्हणाले. व्हिडिओवर एकदा सराव दाखवला तर त्यांचा एकच प्रश्न: हे सारखे थांबतात कशाला?

४ फेब्रुवारी २०१८ हा रविवार होता. त्यांच्या त्या सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा दिवस. खोलीत पिझ्झा, आरडाओरडा. मिरजेत सोमवारची पहाट झाली होती आणि दादाचा फोन आला.

मी का गेलो नाही, तिकीट, व्हिसा, पैसे, तो हिशेब इथे मांडत नाही. नाही जाता आलं. दादाने अग्नी दिला, मी फोनवर पाहिला, मध्येच नेटवर्क गेलं.

पुढचे बारा दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. आपली माणसं कशी वागली ते मात्र लिहितो, कारण त्याशिवाय तुमचं मोल कुणाला कळायचं नाही. घरी तेरावा करतात, गोडाचं जेवण होतं, चार माणसं जेवून उठतात आणि मग घर पुन्हा रोजच्याला लागतं. मला वाटलं, विधी दादा करील, मी इथे निदान चार जणांना जेवू घालीन. खोलीतले तिघे सगळे आपल्याकडचेच. एकाची परीक्षा होती. दुसरा म्हणाला, "आईने सांगितलंय, तेराव्याचं बाहेर कुठे जेवायचं नाही." तिसऱ्याने स्वयंपाकघर सुतकाचं आहे म्हणून दहा दिवस बाहेरच खाल्लं होतं. त्याच पोराला मी महिनाभर भाजी-पोळी करून घातली होती, पण ते जाऊ दे. उपनगरात एक कुटुंब आहे, त्यातल्या गृहस्थांना माझ्या वडिलांनी शाळेत असताना फी भरायला मदत केली होती. ते म्हणाले, "अरेरे. पण या वीकेंडला जमणार नाही रे. काळजी घे." काळजी घे! हे दोन शब्द मी तेव्हापासून कुणाला म्हणत नाही.

तरी स्वयंपाक केला. १५५ नंबरची बस लोयोलाच्या स्टेशनाबाहेरून सुटते आणि डेव्हन अव्हेन्यूने सरळ आपल्या दुकानांपर्यंत जाते. जाऊन लाल भोपळा, आमसुलं, वेलदोडे आणले. वरण-भात, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. आणि मग लक्षात आलं की जेवायला कुणीच नाही. डबे तसेच पिशवीत घालून कामाला आलो. टाकून देववत नव्हतं.

शुक्रवारची संध्याकाळ. मिरजेत तेव्हा तेराव्या दिवसाची सकाळ उजाडत होती. मी फरशीवर मॉप ओढत होतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तीच पट्टी तिसऱ्यांदा पुसत होतो. तुम्ही आलात, मॉपच्या दांड्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, ही जागा स्वच्छ झालीये बाळा. तुम्ही 'सन' म्हणाला होता, पण मला 'बाळा'च ऐकू आलं.

मग पिशवीत काय आहे ते विचारलंत. मी सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं रडत. वडील गेले, तेरावा दिवस, कुणाला तरी जेवायला घालायचं असतं. तुम्ही एवढंच विचारलंत: कुणाला? पुजारी लागतो का?

म्हटलं, नाही. कुणीही.

"मग मी आहे की."

पुढे काय झालं ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. बाकांच्या मागची सामानाची खोली. घडीच्या खुर्च्यांचे ढीग, बॉल ठेवायची लोखंडी गाडी, टॉवेलांचं कपाट, रबराचा वास. तुम्ही दोन खुर्च्या उघडल्यात, मग मी खाली बसलेला पाहून त्या मिटून ठेवल्यात आणि गुडघा धरून, भिंतीला टेकत, हळूहळू खाली बसलात. राखेच्या बुधवारानंतरचा तो पहिला शुक्रवार, तुमच्या उपवासकाळातला, मांस वर्ज्य. यात मांस नाही ना, विचारलंत. आमच्या तेराव्यात मांस! मला त्या बारा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

कागदी ताटलीत वाढलं. तुम्ही कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केलीत आणि विचारलंत, वडिलांचं नाव काय? मी सांगितलं. तुम्ही ते नाव दोनदा म्हणून पाहिलंत, तिसऱ्यांदा नीट जमलं, मग डोळे मिटून एकदा म्हणालात. शिकागोत त्यांचं नाव माझ्याशिवाय कुणी उच्चारलं असेल तर ते तेवढ्या वेळीच.

चमचा होता, पण मी हाताने जेवतोय म्हणून तुम्हीही हाताने जेवलात. भात बोटांतून गळत होता. आमसुलाची चटणी खाऊन तुमचा एक डोळा मिटला. आणि मग, काका, तुम्ही खीर संपवलीत, ताटली पुढे केलीत आणि म्हणालात, "अजून थोडी आहे का?"

तेवढंच. या पत्रातलं बाकी सगळं या चार शब्दांसाठी आहे.

तुम्हाला कसं कळावं आमच्याकडे याचा अर्थ काय होतो! आमच्या पंगतीत आग्रह करावा लागतो. 'घ्या हो', 'एवढी वाटीभर', 'आमची शपथ आहे'. आणि तेराव्याच्या पंगतीत तर माणसं मान खाली घालून भराभर जेवतात आणि उठतात, तिथे कुणी मागून घेत नाही. ज्याने मागून घेतलं त्याचं आई वर्षानुवर्षं कौतुक करते. मी तुम्हाला आग्रह केला नव्हता. करायचं त्राणच नव्हतं. तुम्ही आपणहून मागितलीत. वाढताना माझा हात हलला आणि थोडी तुमच्या बाहीवर सांडली. तुम्ही ती बोटाने पुसून बोट चाटलंत.

नंतर तुम्ही बोलत बसलात, आणि मला पहिल्यांदा समजलं की छताला टांगलेल्या १९६३ च्या ज्या निशाणाखाली मी रोज मॉप फिरवत होतो ते नेमकं काय आहे. लोयोलाच्या संघात तेव्हा सुरुवातीच्या पाचांत चार कृष्णवर्णीय खेळाडू. त्या काळी दोन-तीनपेक्षा जास्त एका वेळी उतरवायचे नाहीत असा अलिखित नियम. प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड यांनी तो धाब्यावर बसवला. राष्ट्रीय स्पर्धेत समोर मिसिसिपी स्टेट, सगळे गोरे, आणि मिश्र संघांशी खेळायचं नाही असं त्यांच्या राज्याचं धोरण. कोर्टाची मनाई हातात पडायच्या आत ते लोक लपतछपत राज्याबाहेर निसटले. १५ मार्च १९६३, ईस्ट लान्सिंग. सामन्याआधी दोन कर्णधारांनी हात मिळवले, जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड, आणि कॅमेऱ्यांच्या दिव्यांचा नुसता लखलखाट झाला. लोयोला ६१-५१ ने जिंकलं. आठवड्याभराने अंतिम सामन्यात, सलग दोन वर्षं विजेत्या असलेल्या सिनसिनाटीविरुद्ध, पंधरा गुणांनी मागे पडूनही जादा वेळेत ६०-५८. तेच पाच जण पूर्ण वेळ खेळले, एकही बदली नाही. इलिनॉय राज्यात पुरुषांच्या बास्केटबॉलचं ते सर्वोच्च गटाचं राष्ट्रीय विजेतेपद दुसऱ्या कुठल्याच विद्यापीठाला आजवर मिळालेलं नाही. तुम्ही तेव्हा शाळकरी पोर होता.

पण तुम्ही गुण सांगून थांबला नाहीत. २०११ साली गोल्ड वारले तेव्हा हार्कनेस अंत्यविधीला गेले आणि तिथे शवपेटीशेजारी त्याच हस्तांदोलनाचा फोटो ठेवलेला होता, ही गोष्ट तुम्ही हात वाळत आले तरी सांगत बसलात. कुणाच्या तरी मरणाला कोण येतं, यावरच आपण दोघं बोलत होतो.

मला दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकर आठवले. वडील शाळेत पोरांना सांगायचे: पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकायचे, आणि चहाच्या वेळी त्यांना मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचे. बरोबर खेळायला चालतो, बरोबर खायला नाही. त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं नाही ते नाहीच. धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाले. हे तुम्हाला त्या रात्री सांगायचं होतं, इंग्रजी पुरली नाही.

पुढचा महिना जगाला माहीत आहे. १९८५ नंतर पहिल्यांदाच, म्हणजे ३३ वर्षांनी लोयोला राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, ११ वं मानांकन घेऊन. पहिला सामना मायामीशी, १५ मार्च २०१८ ला. तारीख तुम्हीच दाखवलीत, बरोबर पंचावन्न वर्षं. डॉन्टे इन्ग्रमने शेवटच्या क्षणी लांबून टाकलेला चेंडू आत गेला, ६४-६२. मग टेनेसी, ६३-६२. क्लेटन कस्टरचा चेंडू कडीवर आपटून, जरा विचार करून आत पडला. नेवाडा, ६९-६८. तीन सामने आणि तिन्हींतली मिळून आघाडी चार गुण! माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर रक्तदाब वाढून पुन्हा... जाऊ दे. कॅन्सस स्टेटला मात्र सरळ ७८-६२ ने हरवलं आणि शेवटच्या चार संघांत. तिथे मिशिगनने थांबवलं.

त्या दिवसांत सगळे कॅमेरे सिस्टर जीन यांच्यावर. ते योग्यच होतं. अठ्ठ्याण्णव वर्षांच्या, आदल्या नोव्हेंबरात पडून खुब्याचं हाड मोडलेलं, तरी संघाबरोबर गावोगाव. १९९४ साली त्यांना आधी बोलावलं होतं ते खेळाडूंचे मार्क सुधारायला, मग त्या संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक झाल्या. प्रत्येक सामन्यानंतर पोरांना ईमेल, कुणाचं काय चुकलं ते स्पष्ट शब्दांत. प्रार्थनेत दोन्ही संघांना दुखापत होऊ नये, पंचांनी नीट बघावं, आणि शेवटी आपण जिंकावं हेही देवाला सांगून ठेवायच्या. मला ते फार आवडायचं. देवापुढे उगाच निरिच्छपणाचा आव नाही. आमच्याकडे परीक्षेआधी गणपतीला नारळ बोलतात त्यातलंच. तरी खरं सांगतो, देव एका संघाची बाजू घेतो यावर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आताही नाही. शेवटी हरलोच की.

तुम्हाला कुणी दूरदर्शनवर दाखवलं नाही. शोधायला आलेल्या वार्ताहराला तुम्ही दरवाजा दाखवलात आणि खुर्च्या मोजत राहिलात. तुमची स्वतःची फुशारकी वेगळीच होती: व्हॉलीबॉल. २०१४ चं राष्ट्रीय विजेतेपद याच फरशीवर, स्टॅनफर्डला हरवून, आणि २०१५ ला पुन्हा. "सगळे बास्केटबॉलबद्दल विचारतात," तुम्ही म्हणायचात, "आणि ही दोन कप अशी मांडली आहेत जशी काही फुलदाणीच."

एक गोष्ट राहिली. दहाव्या दिवशी मी एकटा तळ्याच्या काठी भात ठेवून आलो होतो. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवावा लागतो, नाही शिवला तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं समजतात. अर्धा तास त्या वाऱ्यात उभा राहिलो. कावळा नाही. सीगल आले आणि एका झडपेत सगळं घेऊन गेले. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "सीगल चालत नाही का?" मी म्हटलं, माहीत नाही, आमच्या गावाला समुद्र नाही. तुम्ही थोडा वेळ विचार केलात आणि म्हणालात, "पाहुणा घरात आला की नियम पाहुण्याच्या गावचा लागतो." असा काही नियम नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्या रात्री मी झोपलो.

भिंतीवरच्या त्या लॅटिन शब्दाबद्दल मी माझं म्हणणं मागे घेतो. निदान बाकांमागच्या खोलीपुरतं. विद्यापीठाच्या मोठ्या साहेबांना तो कितपत लागू आहे ते त्यांचं ते बघतील.

आता मी पुण्यात असतो. खोलीतल्या त्या तिघांपैकी दोघे अजून ओळख ठेवून आहेत, एकाच्या लग्नालाही गेलो. उपनगरातल्या गृहस्थांनी परवा मुलीच्या प्रवेशासाठी फोन केला होता. मी नीट बोललो, लागेल ती माहिती दिली. आई म्हणाली, "शहाणा आहेस." मी शहाणा नाही. त्यांनाही जेवायला बोलावणार आहे आणि खिरीचा आग्रह अजिबात करणार नाही.

तुमचं नाताळचं कार्ड दर वर्षी येतं. गेल्या वर्षीच्या कार्डात पुन्हा विचारलंत, त्या गोड भाताची कृती पाठव, बायकोला करून बघायचीय. मी सात वर्षं टाळतोय, कारण लाज वाटते. काका, ती खीर तळाला लागली होती. फोनवर दादाशी बोलता बोलता गॅस बारीक करायचा राहिला. वरची वरची काढून डब्यात भरली तरी करपल्याचा वास होताच, मला पहिल्या घासाला कळला. तुम्हालाही कळला असणार.

कृती अशी: मूठभर तांदूळ धुऊन, तुपावर परतून, जाडसर वाटायचे. लिटरभर दूध. साखर तांदूळ शिजल्यावरच घालायची, आधी नाही. वेलदोडे अगदी शेवटी. आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

तुमचा,
फरशीवाला पोरगा